परदेशात माल बघायला जाताय? प्रवासाचा पैसा वेगळा, मालाचा पैसा वेगळा



प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी विचारतोच, "ताई, चीनला माल बघायला जायचंय, बरोबर किती पैसे नेऊ?" हल्ली त्यात दुबईची भर पडलीय. लोणावळ्यातले बॅगा, गिफ्ट, शो-पीस विकणारे यीवू आणि ग्वांगझूचं नाव काढतात. चिक्कीवाले आणि तळेगावकडचे पॉलिहाऊसवाले दुबईचं. व्हिडिओमध्ये मी कार्डांबद्दल बोलले, पण मुख्य मुद्द्याला वेळच उरला नाही. तो इथे मांडते.

माझं मत सरळ आहे. "किती नेऊ" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न "कशासाठी नेऊ" हा आहे. हॉटेल, जेवण, टॅक्सी, दुभाषी, सॅम्पल हा झाला प्रवासाचा पैसा. तो तुमच्याबरोबर जातो. ऑर्डरचा ॲडव्हान्स आणि बाकी रक्कम हा मालाचा पैसा. तो तुमच्याबरोबर जातच नाही, तो बँकेतून जातो. हे दोन्ही एका पाकिटात आले की धंदा सुरू व्हायच्या आधीच अडचण सुरू होते.

"तिकडे आपला माणूस आहे"

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. रुपये इथे मुंबईत द्या, तिथे तुमच्या हातात युआन मिळतील. बँक नको, फॉर्म नको, रेटही चांगला. ऐकायला सोयीचं वाटतं, पण याचं नाव हवाला आहे. फेमा म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्यात यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत दंड होऊ शकतो. आणि हा दंड फक्त त्या "आपल्या माणसाला" होत नाही, तुम्हालाही होऊ शकतो. पाच लाखांसाठी पंधरा लाखांची जोखीम घ्यायची का, ते तुम्हीच ठरवा.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त धंदा बघू. माल खराब निघाला, तर पैसे दिल्याचा पुरावा काय? काहीच नाही. हाच "आपला माणूस" बहुतेक वेळा माल घरपोच आणून द्यायचीही हमी देतो. किलोवर भाव, कस्टमचं टेन्शन नाही. म्हणजे माल दुसऱ्याच कुणाच्या तरी आयात कोडवर येतो आणि बिल ऑफ एंट्रीवर तुमचं नाव नसतं. मग कस्टममध्ये भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. दुकानात माल आहे, पण तो आला कुठून हे वहीत दाखवता येत नाही. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात की ही वही बोलणार नाही.

"पण शेजारचा तर असाच आणतो, आणि स्वस्तात विकतो!" मला हे नेहमी ऐकायला मिळतं. चला, हिशोब करू. समजा ५ लाखांचा माल आहे आणि त्यावर १० टक्के ड्युटी लागते. ड्युटी ५० हजार. त्यावर १० टक्के अधिभार, म्हणजे ५ हजार. आता ५ लाख ५५ हजारांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ९९,९००. एकूण भरणा जवळपास १ लाख ५५ हजार. बघून छातीत धस्स होतं. पण त्यातले ९९,९०० तुमच्या जीएसटी क्रेडिटमध्ये जमा होतात. खरा खर्च ५५ हजार. जे काँपोझिशनमध्ये आहेत त्यांना मात्र हे क्रेडिट मिळत नाही, त्यांनी जाण्याआधीच सीएशी बोलून घ्यावं. ड्युटीचा खरा दर तुमच्या मालाच्या एचएसएन कोडवर ठरतो, म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी कोड तपासा. खेळणी आणायचा विचार असेल तर जास्तच जपून: २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ते नसेल तर माल बंदरातच अडकेल.

मालाचा पैसा: सुरुवात मावळातूनच

आपल्याकडे बऱ्याच व्यापाऱ्यांचं खातं पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत असतं. रोजच्या व्यवहाराला ते उत्तम आहे. पण परदेशात मालाचे पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली बँक लागते. म्हणून तिकीट काढण्याच्या आधी ही तीन कामं करा.

१. अशा बँकेत फर्मच्या नावाने करंट अकाउंट उघडा. स्थानिक शाखेत परकीय चलनाचा डेस्क नसेल तर तुमची फाईल पुण्याच्या शाखेत जाते. त्यात दिवस जातात, ते धरून चाला.

२. डीजीएफटीच्या वेबसाईटवरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढा. फी ५०० रुपये आहे. एजंटला हजारो रुपये मोजायची गरज नाही.

३. परदेशी विक्रेत्याकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घ्या. त्यावर कंपनीचं नाव, बँक, खातं आणि स्विफ्ट कोड असतो. चीनमध्ये सहसा ३० टक्के आगाऊ आणि माल निघायच्या आधी ७० टक्के असं ठरतं. प्रत्यक्ष जाण्याचा खरा फायदा इथेच आहे. कारखाना बघा, सॅम्पलवर सही करून एक तुमच्याकडे ठेवा, घरी या, मग बँकेतून पैसे पाठवा. तिथे उभं असताना घाईने पैसे द्यायची गरज नाही.

एक धोका लक्षात ठेवा. ऐनवेळी मेल येतो, "आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यावर पाठवा." अशा वेळी मेलला उत्तर देऊ नका. भेटलात तेव्हा घेतलेल्या नंबरवर फोन करा आणि विचारा. खातं कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल तर थांबा.

विकायला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. दुबईत गुलाबाची किंवा चिक्कीची ऑर्डर मिळाली, तर पैसे तुमच्या बँक खात्यावरच मागा. हातात दिलेल्या रोख दिरहमवर निर्यातीची नोंद उभी राहत नाही.

प्रवासाचा पैसा: तीन वाटा ठेवा

लोणावळ्यात वडापावच्या गाडीपासून पार्किंगपर्यंत सगळीकडे स्कॅन करून आपल्याला सवय लागलीय. परदेशात ती सवय नडते. आपलं यूपीआय सिंगापूर, युएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा मोजक्या देशांत पोहोचलंय, आणि तिथेही सगळ्याच दुकानांत चालत नाही. चीनमध्ये तर त्यावर भरवसा ठेवूच नका. म्हणून एक वाट बंद पडली तर दुसरी हवी.

पहिली वाट फॉरेक्स कार्डाची. पैसे भरता त्या दिवशीचा रेट पक्का होतो. रोजच्या खर्चाला हेच वापरा.

दुसरी वाट क्रेडिट कार्डाची. हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवून ठेवतात. ती फॉरेक्स कार्डावर अडकली तर तुमचा रोजचा खर्च थांबतो. म्हणून डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या. त्यावर परकीय चलनाचा मार्कअप लागतो आणि मार्कअपवर जीएसटी, तो किती हे आधीच विचारून ठेवा.

तिसरी वाट रोख रकमेची. बहुतेक देशांसाठी एका वारीला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा घेता येतात, पण तेवढ्या न्यायलाच हव्यात असं नाही. दोन-तीन दिवसांचा खर्च पुरे. चलन विमानतळावर घेऊ नका, तिथे रेट महाग पडतो. आधीच बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून घ्या. ५० हजार रुपयांच्या वरचं चलन घेताना पैसे रोखीने देता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात. पावती जपून ठेवा.

चीनला जाणाऱ्यांनी अलीपे किंवा वीचॅट इथूनच मोबाईलवर टाका, पासपोर्टची पडताळणी करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०२३ पासून परदेशी कार्डं तिथे जोडता येतात. अलीपेवर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्याच्या वर ३ टक्के. पण ही सोय दुकानात खरेदी करण्यासाठी आहे, एखाद्या माणसाच्या खात्यावर पैसे पाठवण्यासाठी नाही. त्यावर मालाचा ॲडव्हान्स द्यायचा बेत करू नका.

निघायच्या आधी घरी बसून हे करा:

- कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर तो बंदच असतो. देशांतर्गत वापराचं साधं रुपे कार्ड बाहेर चालणार नाही, हेही तपासा.
- बँकेशी जोडलेल्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करा. ओटीपी आला नाही तर खात्यात पैसे असून उपयोग नाही.
- दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. कार्ड ब्लॉक करायचा बँकेचा नंबर कागदावर लिहून बॅगेत टाका.
- तिथल्या मशीनवर "रुपयांत की स्थानिक चलनात" असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की रेट त्यांचा लागतो.

परत आल्यावर उरलेलं चलन कपाटात ठेवून विसरू नका. २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतं, त्यापेक्षा जास्त असेल ते १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकावं लागतं.

आणि एक पळवाट आधीच बंद करते. "मग मालाचे पैसे मी प्रवासखर्च दाखवूनच नेतो." नको. चलन घेताना ए-२ फॉर्मवर हे पैसे कशासाठी, ते लिहून तुम्ही सही करता. तिथे खोटं लिहायचं नाही. शिवाय वैयक्तिक मर्यादेतून वर्षाला १० लाखांच्या वर पैसे नेले तर सध्या २० टक्के टीसीएस कापला जातो. तो रिटर्नमध्ये मिळतो, पण तोपर्यंत तुमचं भांडवल अडकतं. फर्मच्या रीतसर आयातीचं पेमेंट यात येत नाही.

बँकेच्या वाटेने वेळ लागतो आणि छोट्या ऑर्डरला बँकेचे चार्जेस जड जातात, हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा सल्ला असा की पहिल्या वारीत फक्त सॅम्पल आणा, बिलासकट. ऑर्डर घरी येऊन, हिशोब करून द्या. महिनाभर उशीर झाला तरी पुढचा सीझन आहेच.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या बँकेत जा आणि विचारा, "या शाखेतून परदेशात मालाचे पैसे पाठवता येतात का?" उत्तर "नाही" आलं तर दुसरी बँक शोधा. तिकीट त्यानंतर.