आभाळातली पैसेवारी



नजर अंदाज पैसेवारीने आपल्या बापजाद्यांना छळले. आकडा पन्नास पैशांच्या वर गेला की कागदावर पीक चांगले, मग रानात फुफाटा का उडेना! आता नजर फिरवणारा आभाळात गेला आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने उपग्रहाने टिपलेला हिरवेपणा हा एक निकष केला. त्याच संहितेप्रमाणे २०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी ठरले. पीकविम्यातही खरीप २०२३ पासून भात-गव्हाच्या उत्पादनात उपग्रहाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन मिळाले. २०२४ च्या खरिपात सोयाबीन आले. "उपग्रहात दिसत नाही" असे साहेबाने म्हटले की आपली बोलती बंद होते. ती बंद होऊ नये म्हणून उपग्रह बघतो कसा, ते समजून घ्या.

उपग्रहाचे चित्र चौकोनांचे असते. एका चौकोनात काहीही असो, त्याचा आकडा एकच. दहा मीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह इतके बारीक बघतात. ५६ मीटरचा चौकोन ३१ गुंठ्यांचा. अडीचशे मीटरचा साडेपंधरा एकरांचा! त्यात तुमची करपलेली पऱ्हाटी, शेजाऱ्याचा विहिरीवरचा ऊस, बांधावरचा निंब आणि नाल्यातली वेडी बाभूळ यांची सरासरी निघते. सरासरी हिरवी, आणि तुमची नापिकी गडप.

मग सगळेच बारीक का बघत नाहीत? रुंद पासेचा वखर रान लवकर उरकतो, अरुंद पासेला वेळ लागतो, तसेच हे आहे. २०११ साली सोडलेला आपला रिसोर्ससॅट-२ घ्या. ८१७ किलोमीटर उंचीवरून एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जात १०१ मिनिटांत एक फेरी. तेवढ्यात खाली पृथ्वी वळते, म्हणून पुढच्या फेरीला दुसराच पट्टा समोर येतो. त्याचा रुंद कॅमेरा ७४० किलोमीटरचा पट्टा घेतो आणि पाच दिवसांत परततो, पण चौकोन ५६ मीटरचा. साडेतेवीस मीटरचा कॅमेरा १४१ किलोमीटरच घेतो, म्हणून त्याच शिवारावर तो २४ दिवसांनी येतो. तोवर पोटरीतली ज्वारी चिकात आलेली असते. आलाच, आणि त्या दिवशी ढग असले, तर फेरी वाया. रडारचा उपग्रह ढगांतून बघतो, पण त्याला पिकाची ठेवण आणि ओल कळते, हिरवेपणा नव्हे.

आणि हिरवेपणा म्हणजे उत्पन्न, हे कोणी ठरवले? २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, तेव्हा पऱ्हाटी वरून हिरवी उभी होती. काढणीच्या पावसात ज्वारीचे कणीस काळे पडते, ताट मात्र उभेच राहते. बाजारात पाला विकून कर्ज फिटत नाही.

उपग्रहाला आपला विरोध नाही. यंत्र लाच मागत नाही, कुणाची जात विचारत नाही. पण कोणता चौकोन घ्यायचा, कोणती तारीख धरायची, दुष्काळाची रेघ कुठे ओढायची, हे माणूसच ठरवतो. त्या माणसाने यंत्राआड लपू नये.

म्हणून प्रत्येक तालुक्यातून तहसीलदार आणि कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारा: आमच्या मंडळाचे चित्र किती मीटरचे? कोणकोणत्या तारखांचे? ढगांमुळे किती चित्रे बाद झाली? त्यातून कापूस, ज्वारी, ऊस आणि झाडोरा वेगळा कसा काढला? पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहा, आकडा स्वतः टिपून घ्या. सेंटिनेलची चित्रे फुकट मिळतात. गावातल्या शिकल्या पोरापोरींना ती बघायला बसवा.

सरकारने आभाळातून खुशाल बघावे. पण निकाल देण्याआधी बांधावर उतरून बोंड फोडून बघावे लागेल.