अर्ध्यावर थांबलेली शर्यत

अमेरिकेच्या वायव्य भागातील मोंटाना राज्यात बोझमन नावाचे डोंगरांनी वेढलेले विद्यापीठनगर आहे. मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात देशभरातील विद्यापीठांचे स्कीइंग संघ तेथे जमले होते. निमित्त होते महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजेच एनसीएएच्या, वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेचे. ही स्पर्धा 1954 पासून चालत आली असून 1983 पासून तीत मुलामुलींचे गुण एकत्र धरून एकच विजेते विद्यापीठ ठरविले जाते. बुधवार ते शनिवार असा चार दिवसांचा कार्यक्रम आखलेला होता. त्यांपैकी दोनच दिवस खेळ झाला. उरलेल्या दोन दिवसांची कथा पदकांच्या कथेपेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे.

बर्फावरील स्कीइंग म्हटले की उतारावरून वेगाने घसरत येणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. क्रॉस-कंट्री स्कीइंगचे स्वरूप निराळे आहे. येथे सपाटी असते, उतार असतो आणि दमछाक करणारा चढही असतो. पायांत लांब, अरुंद व हलक्या स्की आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन खेळाडूला स्वतःच्या बळावर अंतर कापावे लागते. त्या वेळच्या रचनेनुसार मुलींना एक 5 आणि एक 15 किलोमीटरची, तर मुलांना एक 10 आणि एक 20 किलोमीटरची शर्यत धावायची होती. छोट्या शर्यतीत खेळाडू ठरावीक अंतराने एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. मोठ्या शर्यतीत सारे एकाच वेळी निघतात. संयम, श्वास आणि शक्ती यांचा हिशेब ज्याला शेवटच्या चढापर्यंत राखता येतो, तोच या खेळात पुढे राहतो. आरंभीच सारी पुंजी उधळणाऱ्याला बर्फ क्षमा करीत नाही.

या खेळात दिसणाऱ्या श्रमांमागे न दिसणारे श्रमही पुष्कळ असतात. क्लासिक पद्धतीच्या स्कीच्या तळाला दोन प्रकारचे मेण लावावे लागते. पुढच्या व मागच्या भागाला घसरण्यासाठीचे आणि पायाखालच्या मधल्या भागाला पकड देणारे. स्की मध्यभागी किंचित कमानीसारखी उचललेली असते. खेळाडूने पूर्ण भार दिला की पकडीचे मेण बर्फाला टेकते व पुढे रेटा देता येतो; भार हलका झाला की तो भाग वर उचलला जातो आणि स्की घसरू लागते. बर्फाचे तापमान, ओलावा आणि कणांचा आकार बदलला की मेणही बदलते. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी संघाचे साहाय्यक पहाटेपासून निरनिराळी मेणे लावून प्रत्यक्ष मार्गावर पारखत असतात. त्यांचे नाव निकालपत्रात येत नाही; परंतु त्यांची पारख चुकली तर वर्षभर घाम गाळलेला खेळाडूही चढावर मागे घसरतो. ज्या घरांत पेढीवर बसणाऱ्याबरोबरच गोदाम सांभाळणाऱ्याचाही मान राखला जातो, त्या घरांना हे निराळे सांगायला नको.

गुणांची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. उताराच्या दोन आणि क्रॉस-कंट्रीच्या दोन, अशा मुलांच्या चार व मुलींच्या चार मिळून आठ शर्यती होतात. एका शर्यतीत एका विद्यापीठाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरू शकतात, आणि संपूर्ण संघात बारांहून अधिक खेळाडू नसतात. प्रत्येकाच्या क्रमांकानुसार मिळणारे गुण एकाच खात्यात जमा होतात. म्हणजे उतारावरच्या मुलाचे यश मैदानावरच्या मुलीच्या उपयोगी पडते आणि एकाची उणीव दुसऱ्याला भरून काढावी लागते. खेळताना प्रत्येक जण एकटा, हिशेबाला मात्र सारे एक.

बोझमनला 11 मार्चला ब्रिजर बोल येथील उतारावरच्या आणि 12 मार्चला बोहार्ट रँच येथील क्रॉस-कंट्रीच्या शर्यती पार पडल्या. आठांपैकी चार शर्यती संपल्या होत्या. आदल्या वर्षीचा विजेता युटा विद्यापीठाचा संघ गुणतक्त्यात आघाडीवर होता. त्याच गुरुवारी, कोरोनाच्या वाढत्या संसर्गामुळे हिवाळी व वसंत ऋतूतील उरलेल्या सर्व राष्ट्रीय स्पर्धा रद्द करण्याचा निर्णय एनसीएएने जाहीर केला. कोट्यवधी प्रेक्षक ज्याची वाट पाहत असतात ती बास्केटबॉलची स्पर्धाही त्यातून सुटली नाही. शनिवारी, 14 मार्चला होणाऱ्या लांब अंतराच्या शर्यतीसाठी तयार केलेले मार्ग तसेच राहिले आणि संघ परतीच्या प्रवासाला लागले.

आघाडीवर असलेल्या संघाला त्या वर्षी विजेतेपद मिळाले नाही. कोणालाच मिळाले नाही. वरवर पाहता हा अन्याय वाटेल. परंतु थोडा विचार केला तर निर्णयातील न्याय ध्यानात येतो. उरलेल्या चार शर्यतींत कोणाचे बळ अधिक ठरले असते, हे कोणालाही ठाऊक नव्हते. सहामाहीच्या वहीवरून कोणी वर्षाचा नफा जाहीर करीत नाही. आकडे कितीही अनुकूल असले तरी जमाखर्च पूर्ण झाल्यावाचून ताळेबंदावर सही करायची नाही, हीच सचोटीची परंपरा होय.

खरी जखम निराळीच होती. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेत खेळाडूला विद्यापीठाकडून सामान्यतः चारच हंगाम खेळता येते. मार्चअखेर एनसीएएने वसंत ऋतूतील खेळाडूंना एक अधिक हंगाम देण्यास संमती दिली, कारण त्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. हिवाळी खेळांचा हंगाम बहुतांशी आटोपला होता, या कारणास्तव त्या खेळाडूंना ही सवलत मिळाली नाही. पुढच्या हिवाळ्यातील खेळाडूंना मात्र ती दिली गेली. या दोहोंच्या मध्ये सापडले ते 2020 चे शेवटच्या वर्षाचे स्कीपटू. युटाच्या संघाने 2021 मध्ये न्यू हॅम्पशायरला विजेतेपद मिळविले, आणि 2022 व 2023 मध्येही ते राखले. संस्थेला संधी पुन्हा मिळाली. मात्र ज्यांचा तो अखेरचा हंगाम होता, त्यांची विद्यापीठाच्या पोशाखातील शेवटची लांब शर्यत कायमचीच राहून गेली. संस्थेचे आयुष्य आणि व्यक्तीचे आयुष्य एका मापाने मोजता येत नाही.

त्याच मार्च महिन्यात महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्यांचा भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला होता. तो पुढे रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. तेथे पुढील शिक्षणाचा दरवाजा उघडायचा होता. पेपर झाला नाही म्हणून मुलांची वाट अडविणे योग्य ठरले नसते. बोझमनला मात्र बहुमान द्यायचा होता, आणि न खेळलेल्या शर्यतीची सरासरी काढता येत नाही. प्रसंग एकच असूनही दोन ठिकाणी दोन निराळे निर्णय योग्य ठरू शकतात, हे समजून घेण्यासाठी अनेकांताची दृष्टी लागते.

व्यापारी कुटुंबांनी तो काळ आपल्या अंगणातही अनुभवला. गुढीपाडव्याच्या तोंडावर दुकाने मालाने भरलेली होती, आणि 25 मार्चला, नेमक्या पाडव्याच्याच दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. 6 एप्रिलचा महावीर जन्मकल्याणक महोत्सव मिरवणुकीविना, घराघरांत साजरा झाला. कित्येक तरुणांनी त्याच वर्षी नवी शाखा उघडण्याचे ठरविले होते. कोणाची परीक्षा राहिली, कोणाचे लग्न पुढे गेले, तर कोणाचे भांडवल अडकले. दोष कोणाचाच नव्हता, म्हणून दुःख कमी झाले असे मात्र नाही.

जैन चिंतनात उपादान आणि निमित्त असा भेद केला आहे. बर्फ, हवामान, पंच, बाजार, साथीचा रोग ही सारी निमित्ते होत. ती कधी अनुकूल असतात, कधी प्रतिकूल, आणि त्यांच्यावर आपली सत्ता चालत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी बाणलेली सहनशक्ती, पहाटे उठण्याची शिस्त आणि सोबत्यासाठी झिजण्याची वृत्ती मात्र आपली असते. शनिवारची शर्यत रद्द झाली. पण त्या शर्यतीसाठी जे घडले होते ते रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेकडे नव्हता. बारा भावनांमध्ये अनित्य भावनेला पहिले स्थान आहे. तिचा आशय निराश होऊन बसावे असा नाही. जे जाणारच आहे त्याच्यावर जीव टांगू नये आणि आजचा दिवस पूर्ण सावधपणे वापरावा, असा तिचा आग्रह आहे. ज्यांनी गुरुवारची छोटी शर्यत संपूर्ण शक्तीने धावली, त्यांना नंतर तेवढे तरी समाधान उरले. मोठी शर्यत शनिवारी आहे म्हणून ज्याने बळ राखून ठेवले असेल, त्याच्या हाती काय उरले असेल?

घरातल्या मुलांचे यश मोजताना वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न मनाशी ठेवावा. निकाल हुकला, सौदा फिसकटला किंवा संधी अकारण निसटली, तर त्या मुलाला "काय मिळाले?" असे विचारण्याआधी "किती मनापासून केलेस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्याच्या हाती नसते. दुसऱ्याचे नेहमी असते, आणि ते देताना ज्याची मान ताठ राहते, तो पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उभा राहतो.