दुसऱ्याच्या हातानं दिलेला धक्का

कायदा कायदा म्हणून छाती बडवणाऱ्या युरोपच्या दोन केसेस मी वाचल्या. डोकं भणभणलं.

६ मे २००९. लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर सुमारे २०० माणसांच्या बोटी इटलीच्या जहाजांनी अडवल्या. सोमालियातली, इरिट्रियातली माणसं. वर घेतली आणि त्रिपोलीत लिबियाच्या हवाली केली. का पळालात, एवढंही कुणी विचारलं नाही. २०१२ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं इटलीचा कान पिळला : जहाज तुमचं, ताबा तुमचा, जबाबदारीही तुमची. लिबियाशी करार केला म्हणून ती झटकता येत नाही.

मग इटली सुधारली? छट्! त्यांच्या वकिलांनी निकाल नीट वाचला. घोडं 'आपल्या जहाजा'पाशी अडतंय काय? मग अडवणारं जहाजच आपलं नको. २ फेब्रुवारी २०१७ ला लिबियाशी समझोता. पैसा इटलीचा नि युरोपचा, बोटी इटलीच्या, ट्रेनिंग त्यांचंच. गचांडी धरणारा हात तेवढा लिबियाचा. पाटील कुठं स्वतः काठी उचलतो? त्याला गडी असतो.

६ नोव्हेंबर २०१७ ला एक बोट बुडत होती. लिबियाची 'रास जदीर' आली, इटलीनंच दिलेली. निदान २० माणसं मेली. वाचलेल्यांपैकी काहीजण त्याच स्ट्रासबर्गला गेले. जून २०२५ मध्ये न्यायालय म्हणालं, ही माणसं इटलीच्या अधिकारक्षेत्रात नव्हतीच. अर्ज फेटाळला. म्हणजे हात धुवायला पाणीही न्यायालयानंच ओतून दिलं!

मी वकील नाही, पण वाचता येतं. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३ म्हणतं, जिथं जिवाला धोका तिथं माणसाला कोणत्याही रीतीनं परत ढकलायचं नाही. कोणत्याही. भाड्याच्या हातानंसुद्धा. त्या करारावर लिबियाची सही नाही, हे खरं. (आपल्या भारताचीही नाही, बरं का!) पण छळाविरुद्धचा करार लिबियानं मान्य केलाय, आणि तिथल्या कोठड्यांत काय चालतं ते रोमला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या राज्याच्या बेकायदा कृत्याला जाणूनबुजून मदत करणारं राज्य स्वतः जबाबदार, हा नियम आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००७ मध्येच उचलून धरलाय. मग रोम सुटतं कसं?

आणि तो समझोता? २०२० ला वाढवला. २०२३ ला पुन्हा वाढवला.