भिंतीवरचा फोटो



खेळाच्या खोलीत विजय मांजरेकरांचा फोटो लावावा अशी सूचना आली आहे. माझी संमती आहे. फक्त मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नये.

१९५२ साली लीड्सला विशीतल्या मांजरेकरांनी १३३ धावा केल्या, विजय हजाऱ्यांबरोबर २२२ धावांची भागी रचली. (हजाऱ्यांना आपल्या देवासच्या महाराजांचा आश्रय होता, हेही मुलांना माहीत असू द्या.) ५५ कसोटींत ३२०८ धावा. १९६५ मध्ये मद्रासला शेवटच्या कसोटीत नाबाद शतक ठोकले, तरी पुन्हा बोलावणे आले नाही. १८ ऑक्टोबर १९८३ ला मद्रासलाच, ५२ व्या वर्षी, अकस्मात गेले.

मुलगा संजय तेव्हा १८ वर्षांचा. २०१७ च्या 'इम्परफेक्ट' ह्या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणी लिहिले आहे की वडिलांचा राग फार, आणि त्यांची भीतीच वाटे.

काही पालक म्हणतात, "सर, धाकाशिवाय पोर घडत नाही. संजयही कसोटी खेळलेच की!" खेळले. त्यात धाकाचा वाटा किती, हे कोणी मोजले? बरोबरीने बोलायचे वय आले, तेव्हा वडीलच उरले नव्हते.

मीही तरुणपणी वर्गात हात उगारला आहे. त्यातला एक विद्यार्थी आता बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो, थांबत मात्र नाही.

विश्वस्तांना विनंती, फोटो अवश्य लावा. खाली ते १३३ लिहा, आणि संजय यांचे पुस्तकही त्याच खोलीत ठेवा.

— प्राचार्य