अजिनोमोटो नको, पण तेलाचे, रंगाचे आणि पाण्याचे काय?

पुणे : सायंकाळ झाली, की कोथरूडपासून हडपसरपर्यंत नाक्यानाक्यांवरील चायनीजच्या कढया तापू लागतात. ट्रिपल शेजवान वा मंच्युरियन मागवताना अनेक ग्राहक न विसरता बजावतात, 'अजिनोमोटो टाकू नका.' एवढे सांगितले, की प्रकृतीची काळजी घेतल्याचे समाधान लाभते. हे समाधान कितपत सार्थ आहे?

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव. पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ग्लुटामेट टोमॅटोतही निसर्गतः असते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीला १९८७ मध्ये त्याच्या सेवनावर आकड्यांत मर्यादा घालण्याची आवश्यकता वाटली नाही. ज्याची भीती सर्वाधिक, तो धोका तुलनेने किरकोळ आहे.

खरा प्रश्न मंच्युरियनच्या लालभडक रंगाचा आहे. कर्नाटकात २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनचे १७१ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी १०७ असुरक्षित ठरले. त्यानंतर तेथील सरकारने या पदार्थातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तेलाचेही तसेच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. मात्र, गाडीवरील कढईतले तेल कितव्यांदा उकळते आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात 'जीबीएस'चे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले चिकन ही त्याच्या प्रसाराची परिचित माध्यमे होत. मोठ्या आचेवर झटपट परतणे हेच चायनीजचे तंत्र असल्याने चिकन आतपर्यंत शिजले की नाही, याला महत्त्व येते. ताटल्या ज्या बादलीत बुडवल्या जातात, तिच्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही.

सारा दोष गाडीवाल्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. नळजोड नसलेल्या माणसाकडून वाहत्या पाण्याची अपेक्षा कशी करावी? पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यात विक्री क्षेत्रातील नागरी सुविधांसाठी विक्रेत्याने शुल्क देण्याची तरतूद आहे. शुल्क घ्यायचे, तर पाणी आणि सांडपाण्याची सोय करणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरते. तेल आणि रंग यांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाने नियमितपणे करायला हवी. साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती निदान प्रश्न विचारणे आहे. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लावला आहे का, तेल काळे पडले आहे का, पाणी कोठून येते, हे विचारायला पैसे पडत नाहीत. 'अजिनोमोटो नको' म्हणणाऱ्या पुणेकराने हेही विचारायला सुरुवात केली, तर गाडीवाल्याला त्याची दखल घ्यावीच लागेल.