धावणाऱ्याचे वजन किती असावे?

भाट्याच्या किनाऱ्यावर रोज पहाटे धावणारे सदुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक दिवाळीनंतर सपत्नीक दवाखान्यात आले. तक्रार त्यांची नव्हती, पत्नीची होती. "डॉक्टर, ह्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय, मासळीही बंद. पँट कमरेवर राहत नाही. जरा समजवा ह्यांना." उंची १६८ सेंटिमीटर. पाच महिन्यांत वजन ६४ वरून ५८ किलोवर आले होते. ५६ झाले की अर्धमॅरेथॉनची वेळ सुधारेल, असे धावण्यातल्या कोणा मित्राने सांगितले होते.

हा हिशेब अगदीच खोटा नव्हे. हलके शरीर वाहून नेण्यास प्राणवायू कमी लागतो. म्हणूनच अव्वल धावपटू सडपातळ दिसतात. परंतु उपासाने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि साठीनंतर गेलेला स्नायू सहजासहजी परतत नाही. शिवाय ६४ किलोला गुरुजींचा बीएमआय २२.७ होता. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त मानतात. म्हणजे मुळात उतरवण्यासारखे काही नव्हतेच.

बीएमआय तरी किती सांगतो? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावत, आणि याज्ञिकांचे धावणे लिफ्टचे दार मिटण्याआधी आत शिरण्यापुरते, अशी मिस्कील नोंदही त्यात आहे. भारतीय जन्मतःच अंगाने बारीक पण चरबीने पुष्ट असतात, हे याज्ञिकांचे मुख्य प्रतिपादन. तेव्हा काट्याइतकेच महत्त्व शिंप्याच्या टेपला द्यावे. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

गुरुजींना मी हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगितले. १४ सेकंद लागले. १२ किंवा अधिक लागले तर स्नायूंची कार्यक्षमता कमी समजतात. रोज धावणाऱ्या माणसाचे हे उत्तर त्यांना स्वतःलाच खटकले.

घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. वृद्धाचे वजन प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर त्याचे कौतुक न करता तपासणी करावी. मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग, क्वचित नुसते नैराश्यही त्यामागे असते. येथे कारण समोर होते, तरीही मी तपासण्या करून घेतल्या. त्या ठीक निघाल्या.

धावून आल्याबरोबर काट्यावर उभे राहण्याची सवयही मोडावी. आपल्या दमट हवेत घटलेला किलो म्हणजे जवळपास लिटरभर घाम असतो. पाणी प्यायले की तो परत येतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी करावे.

ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे, त्यांनी आधी चालावे; गुडघ्यांवर उपकार होतील.

गुरुजींना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सांगितली (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे). बांगडा, अंडे, कुळथाची पिठी, ताक पुन्हा ताटात आले, आणि आठवड्यातून दोन दिवस धावण्याऐवजी उठाबशा व वजने उचलणे. परवा ते आले तेव्हा काटा ६१ वर होता, आणि खुर्चीची परीक्षा ११ सेकंदांत झाली. अर्धमॅरेथॉनची वेळ अजून तीच आहे, हे त्यांनी जरा नाराजीनेच सांगितले. पत्नीने मात्र पँटची शिवण पुन्हा उसवून घेतली आहे.