निवडणूक होऊ दे, मग बघू

2024 च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात होते. गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. पण त्या वर्षी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मिशिगन म्हणजे काठावरचे राज्य. 2016 साली ट्रम्प यांनी ते जेमतेम अकरा हजारांच्या आत मतांनी जिंकले होते, 2020 साली बायडेन यांनी दीड लाखाने. त्यामुळे अंगणाअंगणात उमेदवारांच्या पाट्या, टपालपेटीत रोज पत्रकांचा गठ्ठा आणि टीव्हीवर सारख्या जाहिराती. लोक वाणसामानाच्या रांगेत बोलत, ग्रंथालयात बोलत, मुलांना शाळेत सोडायला आल्यावर बोलत. मला मत नव्हते. मी ऐकत होते.

गणपतीत एका मराठी घरी आरती झाल्यावर आम्ही सात-आठजणी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. यजमानीणबाईंची वीस वर्षांची मुलगी म्हणाली, "मी कमला हॅरिसच्या सभेबाहेर फलक घेऊन उभी राहणार आहे. गाझातली मुलं मरतायत आणि त्यांच्यावर पडणारे बॉम्ब आपल्या कराच्या पैशांचे आहेत."

आई तिथेच तडकली. "अगं, आत्ता नको. निवडणूक होऊ दे, मग काय ते कर. ट्रम्प आला तर गर्भपाताचा हक्क कुणाचा जाणार आहे? माझा नाही, माझं वय उलटलं. तुझा!"

दुसरी म्हणाली, "आपल्याकडच्या आईची मुलगी पहिल्यांदा अध्यक्षपदाला उभी आहे आणि तुम्ही तिच्याच सभेत ओरडणार?" तिसरीचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून. ती हळूच म्हणाली, "तुम्हाला निदान मत तरी आहे. मी फलक धरला आणि काही झालं तर नवऱ्याची नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळंच जाईल."

मुलगी माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही तर इतके मोर्चे काढलेत. तुम्ही सांगा."

मी काय सांगितले? "दोघींचंही बरोबर आहे." चाळीस वर्षे चळवळीत काढलेल्या बाईने वेळ मारून नेली. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आज इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न फक्त त्या स्वयंपाकघरातला नाही. तो आपल्या प्रत्येक गटात, प्रत्येक निवडणुकीच्या आधी येतो.

आधी आईची बाजू. ती खोटी नाही. 24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्या बहुमतातले तीन न्यायाधीश ट्रम्प यांनी नेमलेले होते. अध्यक्ष कोण होतो याने बाईच्या शरीरावर कुणाचा ताबा राहणार हे ठरते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. म्हणून "दोन्ही पक्ष सारखेच, मत देऊन काय होणार" असे म्हणणाऱ्या पुरुषमित्रांशी माझे तिथेही वाजले. सारखेच वाटायला अंगावर झळ लागावी लागत नाही. ज्याला गरोदर राहायचे नाही त्याला सगळे पक्ष सारखे दिसू शकतात.

पण मुलगी मत देऊ नका म्हणत नव्हती. ती मत देणारच होती. ती म्हणत होती की मत मागायला येणाऱ्या बाईकडे मी काहीतरी मागणार आहे. तिला गप्प करताना आपण हा फरकच पुसून टाकला.

हे आंदोलन उभे कसे राहिले ते पाहण्यासारखे आहे. 27 फेब्रुवारी 2024 रोजी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. तिथल्या मतपत्रिकेवर "कुणालाही बांधील नाही" असा एक पर्याय असतो. लैला एलाबेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून सांगितले की युद्धबंदीची मागणी करायची असेल तर या पर्यायावर खूण करा. एक लाखाहून अधिक लोकांनी ती केली, म्हणजे एकूण मतांच्या सुमारे 13 टक्के. निवडणुकीचा बहिष्कार करून नव्हे, रांगेत उभे राहून लोकांनी हा निषेध नोंदवला. पुढे 21 जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि हॅरिस उमेदवार झाल्या. 7 ऑगस्टला डेट्रॉइटजवळच्या सभेत काहीजणांनी घोषणा दिल्या, तेव्हा हॅरिस यांनी त्यांना सुनावले की ट्रम्प जिंकावेत असे वाटत असेल तर तसे सांगा, नाहीतर आत्ता मी बोलते आहे. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑगस्टअखेर शिकागोच्या पक्ष अधिवेशनात आंदोलकांनी एवढेच मागितले की एका पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकन व्यक्तीला व्यासपीठावर बोलू द्या. जॉर्जियाच्या आमदार रुवा रोमन यांचे नाव पुढे होते, आणि त्या हॅरिस यांना पाठिंबा द्यायलाही तयार होत्या. ते नाकारले गेले. काही मिनिटांचे भाषण जड झाले!

"आत्ता मी बोलते आहे" हे वाक्य बाईच्या तोंडून ऐकायला आपल्याला आवडते. पुरुषांच्या मध्येमध्ये बोलण्याला तिने दिलेले ते उत्तर असते तेव्हा मीही टाळी वाजवीन. पण तेच वाक्य सत्तेच्या व्यासपीठावरून, ज्यांचे नातेवाईक मरत आहेत त्यांना ऐकवले जाते, तेव्हा ते बोलणाऱ्या बाईचे राहत नाही. ते खुर्चीचे होते. खुर्चीत बाई बसली म्हणून खुर्चीची भाषा आपोआप बदलत नाही, हे आपण सरपंचबाईंपासून पंतप्रधानबाईंपर्यंत पाहिलेले आहे.

आता इतिहास बघा. "आत्ता नको" हे अमेरिकेतल्या बायकांनी काय पहिल्यांदा ऐकले?

1916 च्या अध्यक्षीय निवडणुकीत बारा राज्यांतल्या स्त्रियांनाच मताचा अधिकार होता. अ‍ॅलिस पॉल आणि त्यांच्या नॅशनल वुमन्स पार्टीने सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाविरुद्ध प्रचार केला, कारण सत्ता हातात असून तो पक्ष स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती पुढे नेत नव्हता. तरी विल्सन निवडून आले. 10 जानेवारी 1917 पासून या बायका व्हाइट हाउसच्या फाटकावर फलक घेऊन मुकाट उभ्या राहू लागल्या. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि देशभक्तीच्या नावाने त्यांना गप्प बसायला सांगण्यात आले. मवाळ संघटनेच्या बायकांनीही त्यांना नावे ठेवली. मग अटका झाल्या, तुरुंगात मारहाण झाली, उपोषण करणाऱ्यांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न ढकलले गेले. जानेवारी 1918 मध्ये विल्सन यांनी दुरुस्तीला पाठिंबा जाहीर केला आणि ऑगस्ट 1920 मध्ये ती घटनेत आली. यात मवाळ बायकांच्या वाटाघाटींचाही वाटा होता, तो नाकारायचे कारण नाही. पण फाटकावर कुणीतरी उभे असते म्हणून आत बसलेलीच्या शब्दाला वजन येते.

याच चळवळीचा दुसरा चेहराही सांगायला हवा. मार्च 1913 मध्ये वॉशिंग्टनमधल्या मताधिकाराच्या मोठ्या मोर्चात कृष्णवर्णीय नेत्या आयडा वेल्स यांना मागे चालायला सांगण्यात आले, का, तर दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील. वेल्स यांनी ते मानले नाही. त्या आपल्या इलिनॉयच्या गोऱ्या बायकांबरोबर चालल्या. तेव्हा "आत्ता नको" हे आपण बायकाही एकमेकींना सांगतो. आणि बहुतेक वेळा वरची खालचीला सांगते.

1964 साली फॅनी लू हेमर यांनी तेच ऐकले. मिसिसिपीत मळ्यावर राबणारी ही बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मळ्यावरून हाकलली गेली, आणि 1963 साली तुरुंगात तिला बेदम मारले गेले. ऑगस्ट 1964 मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी विचारले की कृष्णवर्णीयांना मतदानच करू न देणारे फक्त गोऱ्यांचे शिष्टमंडळ मिसिसिपीचे प्रतिनिधी कसे? त्या टीव्हीवर साक्ष देत असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. निवडणूक तोंडावर आहे, गोऱ्या दक्षिणेला दुखवू नका, गोल्डवॉटरला फायदा करून देऊ नका, असा सूर होता. दोन जागांची तडजोड पुढे केली गेली. हेमर आणि त्यांच्या साथीदारांनी ती धुडकावली. म्हणून जॉन्सन हरले का? त्यांनी 44 राज्ये जिंकली. पुढच्या वर्षी मताधिकार कायदा झाला आणि 1968 च्या अधिवेशनात हेमर रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या.

तुम्ही म्हणाल, पण 2024 साली तर ट्रम्प जिंकले! हो, जिंकले. 6 नोव्हेंबरच्या सकाळी त्या मुलीचा मला फोन आला, रडत होती. मतही तिने हॅरिसना दिले होते आणि सभेबाहेर फलकही धरला होता. ओळखीच्या लोकांनी तिला ऐकवले होते, "झालं समाधान?"

तेव्हा आकडे नीट पाहू. ट्रम्प यांनी मिशिगन सुमारे 80 हजार मतांनी जिंकले. अरब वंशाचे लोक बहुसंख्य असलेल्या डिअरबॉर्न शहरात हॅरिस मागे पडल्या, हे खरे. पण मिशिगनची 15 इलेक्टोरल मते हॅरिस यांच्या 226 मध्ये मिळवली तरी बेरीज 241 होते, आणि जिंकायला 270 लागतात. काठावरची सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली. मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकजणींनी ट्रम्प यांना मत दिले. पराभवाचा हिशोब मांडायचा तर तिथून मांडा. फलक धरणाऱ्या वीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तो फोडणे सोपे आहे, कारण ती उलटून काही करू शकत नाही. घरात काही बिनसले की सुनेचा पायगुण काढतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकांवर आणखी काय घडले ते फार कुणी बोलत नाही. दहा राज्यांत गर्भपाताच्या हक्कावर थेट कौल घेतला गेला. सात राज्यांत तो हक्काच्या बाजूने लागला. त्यातल्या मिसूरी, मोंटाना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा या चार राज्यांनी अध्यक्ष म्हणून ट्रम्प यांनाच निवडले होते! फ्लोरिडात 57 टक्के लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिले, पण तिथे 60 टक्के लागत असल्याने हार झाली. मिशिगनमध्ये हे काम बायकांनी 2022 सालीच केले होते. सात लाखांहून अधिक सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणला, जिंकला, आणि 1931 चा बंदीचा कायदा पुढच्या वर्षी रद्द झाला. "आमचा उमेदवार आधी येऊ दे" असे म्हणत त्या बसल्या असत्या तर?

हे सगळे दूरदेशीचे आहे असे वाटत असेल तर आपल्या घरचे सांगते.

एका विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आमच्या गटातली एक कार्यकर्ती माझ्याकडे आली. ज्या उमेदवाराला आमच्या आघाडीने पाठिंबा दिला होता, त्याच्या जवळच्या माणसाने तिचा हात धरला होता आणि वर धमकी दिली होती. तिला तक्रार करायची होती. आम्ही बैठक घेतली. समोरचा उमेदवार जातीयवादी होता, हरवणे गरजेचे होते. मीच तिला म्हणाले, "बाई, तीन आठवडे थांब. निवडणूक होऊ दे, मग बघू." ती थांबली. उमेदवार निवडून आला. गुलालाच्या मिरवणुकीत तो माणूस सगळ्यांत पुढे नाचत होता आणि मीही त्या गर्दीत होते. त्यानंतर ती गटात आली नाही. मी घरी गेले तर तिने चहा दिला, मुलांचे विचारले आणि त्या विषयावर एक अक्षर काढले नाही. आम्हीही मग "बघितले" नाही. आधी पालिका निवडणूक आली, मग जिल्हा परिषद.

त्या स्वयंपाकघरात माझी जीभ का अडखळली, ते आता कळले असेल.

तर मैत्रिणींनो, मला म्हणायचे आहे ते असे. सत्ताधाऱ्यांना आणि होऊ घातलेल्या सत्ताधाऱ्यांना निवडणुकीच्या दोन-तीन महिन्यांतच कान फुटतात. नेमक्या त्या महिन्यांत तोंड मिटायला सांगणारा माणूस, मग तो आपल्या बाजूचा का असेना, आपले मत फुकटात मागतो आहे. वाईट उमेदवाराला पाडण्यासाठी बऱ्या उमेदवाराला मत द्यावे लागते, जरूर द्या. मी स्वतः आयुष्यभर तसेच देत आले. पण मत दिले म्हणजे तोंड गहाण टाकले असे होत नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. पाठिंबा देण्याआधी मागण्या लेखी द्या आणि उत्तर लेखी घ्या. "नंतर" म्हणणाऱ्याला तारीख विचारा, आणि तारीख न देणाऱ्याचे "नंतर" हा नकार समजा. आणि आपल्यातल्या कुणा बाईची तक्रार निवडणुकीसाठी कधीही थांबवू नका, उमेदवार कितीही आपला असला तरी. तिसऱ्या सूचनेवर मला तडजोड मान्य नाही. पहिल्या दोनवर वाद घालायला तयार आहे.

व्हिसाच्या भीतीने गप्प बसलेल्या त्या बाईला मात्र मी फलक धर असे सांगणार नाही. प्रत्येकीचा धोका सारखा नसतो. म्हणून तर जिला मत आहे, नागरिकत्व आहे, चार पैसे गाठीला आहेत, तिने जास्त बोलायला हवे.

आपापल्या गटात यावर बोला. पटले नाही तर खरमरीत लिहून पाठवा. फक्त पुढची निवडणूक होऊ दे म्हणून थांबू नका.